‘ग’खालची रेघ

९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बाबांचं नाही हे पाहून तरी तू हे उघडशील, असं धरून लिहिते आहे. घरी सगळे बरे आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे तू घाबरू नयेस. घाबरला नसशील तर उत्तमच.

एक छोटंसं काम आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांनी नेहमीसारखं तुला एक पाकीट पाठवलं. पोस्टात मीच टाकलं. शाळेच्या पन्नासाव्या वर्षासाठी त्यांनी जे गाणं केलं, त्याचा कागद त्यात आहे. तो मला परत पाठवशील का? शाळेला मूळ प्रत फ्रेम करून लावायची आहे. पत्ता शाळेचाच घाल. घरच्या पत्त्यावर आला तर बाबांच्या हाती पडेल आणि त्यांना वाटेल की तू... काहीतरी वाटेल.

तुला कुणी कळवलं नसेल, बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी मी लागले. हे तिसरं वर्ष. संगीताची खोली तीच, जिन्याखालची, मोडक्या बाकांसकट. वेळापत्रकात ‘संगीत’ आणि पुढे कंसात ‘गणित’ असं लिहिलेलं असतं. परीक्षा जवळ आली की गणित कंसातून बाहेर येतं आणि संगीत आत जाऊन बसतं. शिपाईकाका अजून मला ‘सरांची पोरगी’ म्हणतात, आणि दोन मिनिटं उशीर झाला तर ‘सरांना नव्हता हो कधी उशीर झाला’ असंही ऐकवतात.

मोठ्या बाई घरी येऊन बाबांना म्हणाल्या, पन्नासाव्या वर्षाचं गाणं तुम्हीच करायचं. चौतीस वर्षांत बाबांनी शाळेसाठी किती गाणी केली असतील! हात धुण्यावर, दातांवर, रस्ता ओलांडण्यावर, बदली होऊन गेलेल्या शास्त्राच्या बाईंवर. दातांच्या गाण्याला त्यांनी इतकी गंभीर चाल लावली होती की पहिलीतली एक मुलगी रडायला लागली, आठवतं? या वेळी पहिल्यांदाच कुणी विषय दिला नव्हता. शाळा सोडून निघालेल्या मुलाला शाळा काय सांगेल, एवढंच गाण्यात आहे. तिसरी ओळ अशी : ‘दार लोटून घे, कडी लावू नको.’

कार्यक्रम छान झाला, सगळे म्हणाले. बाबा हल्ली थोडे थकलेत. पेटी माळ्यावर ठेवली आहे, कानांमुळे.

तेवढा कागद पाठव. सोबत पत्र नसलं तरी चालेल.

तुझी,
खोडरबर

(हे नाव तूच ठेवलं होतंस, म्हणून तेच लिहिलं.)


२१ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शाळेला कुठलीही प्रत नको आहे. फ्रेमबिम काही नाही. आणि बाबा ‘थोडे थकलेत’ हेही खोटं. आता झालं तसं लिहिते.

बाबांची गाणं करायची रीत तुला माहीत आहे. चाल चालताना सुचते, घरी येऊन ते थेट वहीत उतरवतात, शिसपेन्सिलीने. पेटीवर वाजवून बघत नाहीत, गुणगुणतसुद्धा नाहीत. शिकवणाऱ्यालाही गाऊन दाखवत नाहीत. ‘कागदावरून वाच. आधी माझ्या तोंडून ऐकलंस तर माझी नक्कल करशील.’ आपल्या दोघांना असंच शिकवलं त्यांनी, शाळेत घालायच्या आधीपासून, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं करून. आणि दुसरी रीत खोडण्याची. चुकलेला सूर असा खोडायचा की कागदावर त्याची सावलीही राहता कामा नये. ‘अर्धवट खोडलं की मुलं दोन्ही सूर गातात.’ ते काम माझं. पाच वर्षांची असल्यापासून बाबांच्या वह्या मीच खोडत आले.

ऑक्टोबरात बाबांचे कान तपासले. उजवा कान उंच सुरांना किंचित कमी पडतो, या वयात असायचंच, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी तो अहवाल घडी घालून वहीत ठेवला आणि त्याच वहीतलं नवं गाणं मला दिलं.

मी ते मधल्या सुट्टीत शाळेच्या पेटीवर वाचलं. पहिल्या ओळीत गंधार शुद्ध. दुसरीत शुद्ध. तिसरीत, ‘कडी’ या शब्दावर, ‘ग’च्या खाली आडवी रेघ. म्हणजे कोमल. वाजवला, तर भरल्या घरात कुणी अनोळखी माणूस येऊन बसल्यासारखं वाटलं. पुन्हा वाजवला. पुन्हा तसंच. मला वाटलं, बाबांचा हात चुकला. मग वाटलं, हात नाही, कान.

विचारायला हवं होतं. पण अहवाल तिथेच वहीत होता. विचारणं म्हणजे त्यांना तोंडावर सांगणं, की तुम्हाला आता ऐकू येत नाही. मी रबर घेतलं. एवढीशी रेघ, तांदळाच्या दाण्याएवढीही नसेल. फुंकर मारली, रुमालाने पान पुसलं. त्या वेळी मी बाबांना सांभाळते आहे, असंच मला वाटत होतं.

साठ मुलांकडून गाणं बसवून घेतलं. डिसेंबरात रंगीत तालीम झाली. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. तिसरी ओळ आली आणि त्यांनी मान वर केली.

‘पुन्हा घ्या.’

पुन्हा घेतली. त्यांनी उजव्या कानामागे तळवा धरला. ‘पुन्हा.’

तिसऱ्यांदा झाल्यावर ते मंचावर चढले, माझ्यापुढची वही उचलून डोळ्यांजवळ नेली. स्वतःची वही, स्वतःचं अक्षर, आणि ‘ग’खाली काहीच नाही. त्यांनी वही हळूच जागेवर ठेवली, जशी दुसऱ्याची वस्तू ठेवतात तशी. मुलांना म्हणाले, ‘छान गाताय रे. माझ्याच ऐकण्यात गडबड आहे.’

दादा, तेव्हा माझं एक वाक्य पुरलं असतं. मोठ्या बाई समोर होत्या, साठ मुलं होती, आणि मी पेटीच्या कडेवर अंगठा घासत राहिले.

त्याच संध्याकाळी बाबांनी पेटी जुन्या चादरीत बांधली. माळ्यावर चढवताना खालून हात मी दिला.

तुझ्या पाकिटातला कागद बाबांनी वही मला द्यायच्या आधी स्वतः उतरवून बंद केला होता. त्यावर ती रेघ असणार. दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून मागते आहे.

खोडरबर


४ फेब्रुवारी

दादा,

तुझं काही आलं नाही. मी घाई करत नाही आहे. (करते आहे.)

तुझ्या कागदाची वाट न बघता आपणच सांगून टाकावं, असं ठरवलं आणि परवा सांगितलं. बाबा खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. निवृत्त झाल्यापासून ते बूट घालून जायला जागा नाही, तरी दर रविवारी करतात.

‘बाबा, ती रेघ मी खोडली.’

‘कुठली?’

‘तिसऱ्या ओळीतली. गंधाराखालची. तुम्ही कोमल लिहिला होतात.’

ब्रश थांबला. मग ते हसले. ‘तू ना! सहावीत वर्गाची काच फुटली तेव्हा तू तापाने घरी झोपली होतीस. तरी बरी झाल्यावर जाऊन बाईंची माफी मागून आलीस.’

‘हे खरं आहे, बाबा.’

‘बरं. वही आण.’

आणली. त्यांनी भिंग घेतलं, पान उजेडाला धरलं, तिरकं करून बघितलं. ‘दाखव. कुठे खोडलंयस?’

दाखवायला काही नव्हतं. उभ्या आयुष्यात एक काम मला नीट येतं, आणि ते मी नीट केलं होतं.

‘म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नये, बाळ,’ बाबा म्हणाले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. हाताला पॉलिशचा वास होता.

आई आतून ओरडली, ‘अहो, पोरगी कबूल करतेय तर करू द्या की! जगात लोक चूक नाकारतात, मग पुरावा मागतात. या घरात कबूल केली तरी पुरावा लागतो!’

‘तुला यातलं कळत नाही.’

‘नाहीच कळत. तुमची पेटी वाजत होती तेव्हा मला डोकेदुखी होती, आता बंद आहे तर झोप लागत नाही. एवढं कळतं.’

बाबांनी पॉलिशची डबी बंद केली.

शाळेतही तेच. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मोठ्या बाईंना इतकं आवडलं की रोज सकाळी मुलं रांगेत येताना ते लावतात. मी जाऊन म्हटलं, बाई, हे थांबवा, तिसऱ्या ओळीत एक सूर चुकीचा आहे.

‘अगं बाई, सरांकडून चूक झाली?’

‘सरांची नाही. माझी.’

‘किती गं तुला वडिलांचं!’ म्हणाल्या, आणि माझा हात दाबला. ‘एवढ्याशा सुराने काय होतंय? पालकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.’

मग मी तासाला मुलांकडून ती ओळ नव्याने घेते आहे. सोमवारी तास संपेपर्यंत कोमल लावतात. मंगळवारी सकाळी ध्वनिक्षेपकावर जुनं ऐकतात आणि जिना चढताना पुन्हा शुद्ध. एक चिमुरडी म्हणाली, ‘बाई, हे नवीन नको ना, यात रडू येतं.’ साठ जणं, दादा. डबा खाताना गातात, नळावर गातात. माझा सूर आता कुणालाच खोडता येत नाही.

कागद पाठव.

खोडरबर


१९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

काल बाबांबरोबर मैदानाला फेरी मारायला गेले. सरळ बोलून काही होत नाही, म्हणून आडून विचारलं : समजा, तुम्ही तिथे कोमलच लिहिला असता, तर तो का लिहिला असता?

आणखी अर्धी फेरी झाली. मग म्हणाले, ‘त्याच्यासाठी.’ आपल्या घरात ‘तो’ म्हटलं की तूच.

‘लहानपणी तो तिथे उतरायचा. वरून खाली येताना गंधारावर दर वेळी जरासा खाली. मी ओरडायचो. ओट्यावर पट्टी आपटायचो. आता परवा-परवा, असाच चालत होतो, तर तीच जागा कानात आली, त्याच्या त्या वेळच्या आवाजात. आणि वाटलं, अरे, काय वाईट होतं यात? बरोबरच होतं की. ती एक जागा घेतली आणि बाकीचं गाणं तिच्याभोवती बांधलं.’ पुढच्या वळणावर थांबून म्हणाले, ‘बघ, मनात एवढं होतं आणि हातून उतरलंच नाही. त्यालाही चुकीचंच गेलं असणार.’

मी म्हटलं, ‘उतरलं होतं, बाबा.’ त्यांनी पुन्हा माझ्या डोक्यावर थोपटलं.

तुझा आवाज फुटला तेव्हा तू चौदाचा होतास, मी नऊची. तोवर बाबांचं प्रत्येक गाणं तुझ्या आवाजाच्या मापाने शिवलेलं असायचं. वार्षिक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘तू मधल्या रांगेत उभा राहा. गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.’ संगीत शिकवणारे सगळेच असं सांगतात. मीही सांगत आले, दर वर्षी दोघा-तिघांना, आणि ती मुलं मान हलवून मागे जाऊन उभी राहतात, म्हणून मला वाटायचं त्यांना काही वाटत नाही. तू अख्खं गाणं ओठ हलवलेस. मी समोर बसून बघत होते. त्यानंतर सहा वर्षं तू घरात होतास, पण जेवताना ‘मीठ दे’ याच्या पलीकडे बोलल्याचं मला आठवत नाही. मग गेलास. त्याला अकरा वर्षं झाली.

बाबांना माफी मागता येत नाही. ते गाणी पाठवतात. या गाण्यात त्यांनी ती मागितली होती, एका रेघेत, आणि ती रेघ मी खोडली. तुझ्याकडची तेवढी राहिली आहे.

आता बाबांच्या कानांसाठी मागत नाही. म्हणजे मागतेच आहे, पण आधी तू बघ. तिसरी ओळ. मग पाठव.

खोडरबर


११ मार्च

दादा,

पार्सल मिळालं.

शिपाईकाकांनी तासाच्या मधेच आणून दिलं. वर तुझं अक्षर, फक्त पत्ता. मुलांना ताल धरायला सांगून मी जिन्याखाली बाकांच्या मागे जाऊन सुतळी कापली. सत्तावीस पाकिटं. तारखेप्रमाणे लावलेली, सगळ्यांत वर ऑक्टोबरचं. एकही उघडलेलं नाही.

मुलं ताल धरून होती. मी परत जाऊन तास पुरा केला.

तुझ्यावर रागावायचा मला हक्क नाही, ते मी जाणते. तुला काय लिहिलं होतं ते तुला ठाऊकच नाही, कारण माझी पत्रं उघडलीस पण ती उघडली नाहीस. की माझंही पहिलंच तेवढं वाचलंस? तसं असेल तर हे सगळं मी कुणाला लिहिते आहे?

ऑक्टोबरचं पाकीट मी पट्टीच्या कडेने उघडलं. तिसरी ओळ. ‘ग’. खाली रेघ, दोनदा गिरवलेली, दाबून. इतकी दाबून की कागदाच्या मागे हाताला लागते. एवढ्या जोरात लिहिलेली गोष्ट चुकून लिहिलेली नसते. वहीतली इतकी दाबलेली नव्हती, तरी तिच्यावर रबर फिरवताना मला हे कळलं कसं नाही?

मी ठरवलं, बाबांना कागद तेवढा द्यायचा. बाकीची पाकिटं शाळेच्या कपाटात ठेवायची, कुणाला सांगायचं नाही. खोटं बोलण्याची ही शेवटची वेळ, असंही ठरवलं. घरी जाऊन म्हटलं, ‘बाबा, दादाने पाठवलंय.’

त्यांनी चष्मा पुसला. कागद घेतला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथेच राहिलं.

‘रेघ आहे,’ ते म्हणाले.

‘आहे.’

‘म्हणजे तू खरंच खोडलीस.’

‘हो.’

‘कान ठीक आहेत म्हणजे.’ हे त्यांनी असं म्हटलं, जसं शेजारच्या कुणाच्या तरी कानांबद्दल बोलावं. या एका वाक्यासाठी मी दोन महिने तुझ्या मागे लागले होते. ते आलं आणि त्याचं काहीच झालं नाही.

‘त्याने गाऊन बघितलं असेल?’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांनी कागद घडी घातला, उघडला, परत घातला. कागद प्रत्येक वेळी खटकन मिटत होता. ‘मग घडी इतकी ताठ कशी? समोर धरून गायलेला कागद असा मिटत नाही.’ त्यांनी कागद खाली ठेवला. ‘बाकीची कुठे आहेत?’

चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस, दादा. त्याच्यापुढे मी काय टिकणार?

दुसऱ्या दिवशी सगळी पिशवी आणून दिली. बाबांनी पाकिटं पलंगावर मांडली. आई दारात उभी होती.

‘टाकून तर दिली नाहीत ना?’ ती म्हणाली. ‘अकरा वर्षं, नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, आणि सत्तावीस पाकिटं ओळीने लावून ठेवलीत. उघडायची नाहीत आणि फेकायचीही नाहीत. कुणावर गेलाय ते बघा आरशात.’

बाबा म्हणाले, ‘मी तरी एक शब्द कधी लिहिला होता?’

मी विचारलं, पेटी खाली काढू का? ‘राहू दे,’ म्हणाले. आजही वरच आहे. शाळेत तेच ध्वनिमुद्रण लागतं. मी मुलांना आता ती ओळ बदलायला सांगत नाही. आता मागच्या रांगेत कुणाला नुसतं उभं करत नाही, एवढंच मला करता आलं. गाणं त्यामुळे थोडं बिघडतं.

आज सकाळी बाबांनी तो कागद आणि एक नवं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. वर तुझा पत्ता घातलेला. मी म्हटलं, या वेळी तरी दोन शब्द लिहा. त्यांनी पेन घेतलं, कागदाच्या तळाशी आणलं आणि धरून बसले. आईने चहा ठेवला, तो निवला. शेवटी त्यांनी पेन वर नेलं आणि ‘ग’खालच्या त्या रेघेवरूनच एकदा फिरवलं. शाईने. आता ती कुणाला खोडता येणार नाही, मलासुद्धा.

‘चिकटवू नकोस,’ म्हणाले.

म्हणून हे पाकीट उघडंच आहे. आत तो कागद आणि हे पत्र. तू उत्तर देशील असं मी धरलेलं नाही. कागदही परत नको. घरात कुणी नसेल तेव्हा फक्त तिसरी ओळ काढ. वरून खाली ये, आणि गंधारावर पूर्वी उतरायचास तसा उतर. आवाज कसाही असू दे. पण गा, दादा. नुसते ओठ हलवू नकोस.

तुझी,
खोडरबर